नागपूर वजा जाता

कॉम्प्युटर हे गणित करणारं यंत्र आहे असा एक सार्वत्रिक समज आहे. विजेच्या मीटरला विचाराल तर ती शेगडी आहे. प्रोसेसरने १०० वॉट वीज घेतली की जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. मधल्या वेळात तुमच्या सोसायटीच्या मेन्टेनन्सचा हिशेब लागतो, किंवा चिरंजीवांच्या हातून पडद्यावरची पाचपंचवीस माणसं मरतात. पण भौतिकशास्त्राच्या लेखी हे किरकोळ कार्यक्रम. इस्त्री हजार वॉटची असली तरी तिला पसरायला ऐसपैस तळ असतो. प्रोसेसरमधली खरी चिप अंगठ्याच्या नखाएवढी. दर चौरस सेंटिमीटरचा हिशेब केला तर ती इस्त्रीला सहज दहा पटींनी मागे टाकते. इस्त्री आपण निदान लहान मुलांपासून लांब ठेवतो. प्रोसेसर त्यांच्याच ताब्यात असतो.

आता हे सगळं नागपुरात आहे अशी कल्पना करा. नागपुरात मार्च ते जून या काळात काहीही बिघडलं तर कारण शोधत बसायची पद्धत नाही. टायर फुटला, ऊन. दूध नासलं, ऊन. ठरलेलं लग्न फिसकटलं तरी मांडवात पहिला अंदाज 'ऊन फार होतं हो' असाच निघतो. त्यामुळे आमच्या हॉलमधला डेस्कटॉप दुपारच्या वेळी कुणी न सांगता बंद पडायला लागला तेव्हा घरातल्या कुणालाही नवल वाटलं नाही. "तापून राहिला असन," असं म्हणून आम्ही पडदे ओढले आणि झोपलो.

शांतता भंगली ती चिरंजीवांनी 'कोअर टेम्प' नावाचं सॉफ्टवेअर टाकल्यामुळे. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसायला लागलं. जोपर्यंत आकडा दिसत नव्हता तोपर्यंत एक यंत्र तापत होतं. आकडा दिसायला लागल्यावर घरात एक पेशंट झाला. जाता-येता प्रत्येक जण कोपऱ्याकडे बघून मोठ्याने वाचू लागला. माझी आई देवघरातून विचारायची, "किती आहे?"

"ब्याण्णव, आजी."

"ब्याण्णवच? मग ताप कुठे आहे त्याला? उलट अंग गार पडलंय. पांघरूण घाल."

आईचा थर्मामीटर फॅरेनहाइटचा. तिथे ९८.६ ला माणूस ठणठणीत असतो आणि ९२ ला नातेवाइकांना फोन लावायचे असतात. चिरंजीवांनी सेल्सिअसचं गणित करून दाखवलं, की आजी, तुझ्या हिशेबात हे जवळजवळ १९८ झाले. आई क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "अगबाई! मग मला काय सांगता, डॉक्टर बोलवा."

पांघरुणाच्या सल्ल्याला मात्र हसायचं कारण नाही. कॉम्प्युटरला पांघरूण घालणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सुरुवात मात्र गार हवेने झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली रीतसर सुरू झालेला संगणक, ज्याचं १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' असं बारसं केलं, तो निर्वात नळ्यांचा होता. अशा हजारो नळ्या एका खोलीत तापलेल्या असताना गार हवा ही चैन नव्हती, गरज होती. पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, चिप आली, आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या ४८६ पर्यंत येता येता अशी स्थिती झाली की पुष्कळशा प्रोसेसरांना साधा पंखाही लागत नसे. पण एसी राहिला. तो राहण्यात कचेऱ्यांतल्या साहेबांचा मोठा वाटा आहे. उभी हयात ज्यांनी मे महिना फायलीने वारा घेत काढला होता, त्यांनी 'यंत्रावर देखरेख हवी' म्हणून आपलं टेबल कॉम्प्युटरच्या खोलीत हलवलं. शाळांमध्ये तर चपला बाहेर काढून आत जावं लागे. आत गेल्यावर बाई सांगत, कुणी काही हात लावायचा नाही. तो तास कॉम्प्युटरचा नसून गार हवेचा होता, आणि आमच्या वर्गाची त्या तासाला हजेरी शंभर टक्के असे.

नंतर कॉम्प्युटर घरोघरी आला. एसी साहेबांकडे राहिला आणि आपल्या वाट्याला कव्हर आलं. मॉनिटरला एक, कीबोर्डला एक, आणि ज्या पत्र्याच्या डब्याला आपण सरसकट सीपीयू म्हणतो त्याला झालर लावलेलं एक. त्याहून मोठा शोध म्हणजे कॉम्प्युटर टेबल. सुतारांनी हे टेबल कपाटाच्या घराण्यात जन्माला घातलं: सीपीयूला खाली स्वतंत्र कप्पा, मागे प्लायवूड, पुढे दार, दाराला कडी. धूळ जाऊ नये म्हणून. धूळ जातेच, ती दाराला कडी असल्यामुळे थांबत नाही. फक्त आत तापलेली हवा बाहेर येत नाही. म्हणजे ज्या काळात प्रोसेसरला वाऱ्याची फारशी गरज नव्हती तेव्हा आपण त्याला एसीत ठेवलं, आणि तो १०० वॉट ओकायला लागल्यावर नेऊन कपाटात कोंडलं.

आमचाही असाच कोंडलेला होता.

कोपऱ्यातला आकडा दुपारी ९६ ला जायला लागला तशी बातमी इमारतभर गेली आणि सल्लागार यायला लागले. पहिले आले खालच्या मजल्यावरचे काका. वीज मंडळातून निवृत्त झालेले असल्यामुळे ज्यात वीज जाते त्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा हक्क आहे. त्यांनी कप्प्यातून डबा बाहेर ओढवला, त्याचा बाजूचा पत्रा काढवला आणि समोर टेबलफॅन लावला. "आता पाहा." आकडा थोडा उतरला. काका सोफ्यावर बसून चहा प्यायले. पत्रा काढल्याने कधी फायदा होतो, कधी होत नाही, कारण पुढून आत आणि मागून बाहेर असा हवेचा जो रस्ता आखलेला असतो तो पत्रा काढला की मोडतो. पण टेबलफॅनमुळे एक गोष्ट नक्की झाली: हॉलमधली सगळी धूळ एका दिशेने वाहू लागली.

समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींनी टूथपेस्ट सुचवली. हे ऐकायला वाटतं तितकं वेडगळ नाही. प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा कूलर यांच्या मध्ये जी थर्मल पेस्ट लावतात तिच्या जागी टूथपेस्ट लावली तर सुरुवातीला खरंच काम भागतं. मग ती सुकते, आणि काम थांबतं. भाच्याने पाण्याने थंड होणाऱ्या कूलरची जाहिरात पाठवली, आत रंगीत दिवे असलेली. दिव्यांनी तापमान किती उतरतं हे त्यात लिहिलेलं नव्हतं. आणि विदर्भातला हुकमी उपाय म्हणजे गवताच्या ताट्या लावलेला, पाण्याचा, दणदणीत आवाजाचा आपला कूलर, तो सरळ कॉम्प्युटरकडे वळवावा, असा ठराव काकांनी मांडला. त्याला आईने विरोध केला, कारण मग तिच्याकडे वारा आला नसता. आईचा निर्णय बरोबर होता, कारण वेगळं असलं तरी. गरम चिपवर ओल्या हवेचं दव धरत नाही, पण त्या कूलरच्या तोंडून हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात, आणि आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला आतून चुन्याचा थर चढतो तो मदरबोर्डला चढवायची हौस मला नव्हती.

दरम्यान पुण्याहून माझ्या मेव्हण्यांचा फोन आला. त्यांच्या मुलाने आणि आमच्या चिरंजीवांनी एकाच यादीवरून सुटे भाग घेऊन सारखेच कॉम्प्युटर जोडून घेतले होते. प्रोसेसर तोच, कूलर तोच, खेळ तोच, मरणारी माणसंही तीच.

"आमच्याकडे ६६ च्या वर जात नाही, भाऊजी," मेव्हणे म्हणाले. पुण्यात जे जे थंड आहे त्याची व्यवस्था त्यांनी स्वतः केलेली असते. बोलता बोलता त्यांनी आयसरमधल्या 'परम ब्रह्म'चाही उल्लेख केला. पुण्यातला हा महासंगणक प्रोसेसरांपर्यंत थेट द्रव नेऊन थंड ठेवतात, हे खरं आहे. त्यात मेव्हण्यांचा काही हात नाही, हेही खरं आहे. "तुम्ही सरळ कंपनीकडे तक्रार करा. माफी मागायला लावा त्यांना."

मेव्हण्यांना ठाऊक नव्हतं, पण प्रोसेसर बनवणाऱ्यांनी या बाबतीत माफी मागून झालेली आहे, आणि तीही गुडघे टेकून. २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी अभियंत्यांच्या परिषदेत इशारा दिला होता की चिपचा वेग असाच वाढवत नेला तर दर चौरस सेंटिमीटरच्या उष्णतेत ती अणुभट्टीला गाठेल, मग रॉकेटच्या नळीला, आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाला. घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण ऐकतं! २००४ च्या फेब्रुवारीत 'प्रेस्कॉट' जातीचा पेंटियम ४ बाजारात आला. तो इतका तापायचा की लोकांनी त्याला 'प्रेसहॉट' म्हणायला सुरुवात केली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम काढू असं आश्वासन होतं, ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रद्द झालं, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत भर व्यासपीठावर गुडघ्यांवर बसून क्षमा मागितली. थट्टेतच, पण मागितली. त्यानंतर एकाच कोअरला पळवायचं सोडून कंपन्यांनी दोन, चार, आठ कोअर बसवायला सुरुवात केली. आपल्याकडे एका साहेबाला कामाचा उरक नसला की आणखी तीन साहेब नेमतात. चिपमध्ये मात्र त्याने कामं होऊ लागली.

प्रोसेसरला आणखी एक शहाणपण शिकवलं गेलं. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने चालू कॉम्प्युटरांच्या प्रोसेसरवरचा कूलरच उचकटून काढायचा प्रयोग केला होता. एएमडीच्या अॅथलॉनमधून धूर निघाला. पेंटियम ४ नुसता मंदावला, पण खेळ चालू राहिला. आजचे सगळेच प्रोसेसर हे करतात. इंटेलचे बरेचसे १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःहून वेग कमी करतात, आणि त्यानेही भागलं नाही तर सगळंच बंद करून मोकळे होतात. दुपारी बारा ते चार शटर ओढून पडणाऱ्या आमच्या महाल भागातल्या दुकानदारासारखंच हे, आणि त्याला आळशी म्हणणारा माणूस मे महिन्यात इथे आलेला नसतो. एएमडीने तर २०२२ च्या रायझन ७००० बद्दल सांगूनच टाकलं, की जोर लावल्यावर तो ९५ ला जाणार, तसाच बनवलाय, घाबरू नका. आमचा प्रोसेसर त्या घराण्यातला नव्हता. आम्ही घाबरायला मोकळे होतो.

शेवटी दुरुस्तीवाला पोरगा आला. पाठीवर सॅक, खिशात टॉर्च. त्याने डब्याकडे बघितलं नाही, टेबलफॅनकडे बघितलं नाही. पहिला प्रश्न मला विचारला.

"काका, रूम किती आहे?"

"तीन. शिवाय किचन."

"तसं नाही नं काका. रूमचं टेम्परेचर किती आहे?"

हा प्रश्न तोवर कुणीही विचारला नव्हता. प्रोसेसरचा आकडा सगळ्या इमारतीला पाठ होता. खोलीचा कुणालाच माहीत नव्हता. त्याच्याकडे भिंतीवर टांगायचा छोटा थर्मामीटर होता. तो ३६ दाखवत होता. मग त्याने चिरंजीवांकडून पुण्याची जबानी घेतली. मामांच्या खोलीत २८ आणि प्रोसेसरवर ६६.

"म्हणजे खोलीच्या वर चढतात अडतीस. बरोबर? पंखा लावा, पाणी फिरवा, काही करा. खोलीच्या हवेपेक्षा थंड तो होतच नाही. खोली जेवढी, त्याच्यावर तो चढते. आता आपल्या छत्तीसमध्ये अडतीस टाका."

"चौऱ्याहत्तर," काका म्हणाले. ते आलेलेच होते.

"आणि हा दाखवून राहिला शहाण्णव. नागपूर वजा केलं नं काका, तरी बावीस उरतात. ते बावीस कुठचे?"

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. आजवर नागपूर वजा करून पाहण्याचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. या शहरात राहून आपण इतक्या गोष्टी उन्हाच्या खात्यावर लिहितो, की त्या खात्याचा कधी ताळेबंद काढावा हे सुचतच नाही. माझ्या डोळ्यांपुढून फुटलेले टायर आणि मोडलेली लग्नं सरकून गेली.

बावीसमधले काही अंश धुळीचे निघाले. कूलरच्या पात्यांमधून हवा जायची जागा उरलेली नव्हती. त्यात गादीचा कापूस होता, उदबत्तीची राख होती, कूलरच्या ताट्यांचं वाळकं गवत होतं. पोराने ब्लोअर काढला, पण आधी पंख्यात एक बोट घालून तो धरून ठेवला. फुंकरीच्या जोराने पंखा मोकाट फिरला तर त्याचे बेअरिंग जातात, म्हणाला. काकांनी हे स्वतःला आधीपासून माहीत असल्यासारखी मान हलवली. धूळ हॉलभर झाली, आईने पाल निघाली का विचारलं, निघाली नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलं.

उरलेले अंश कूलर उचलल्यावर सापडले. तो चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. बसवताना त्या तिरप्या जोडीने दाबायच्या आणि प्रत्येकीचा 'टक्' ऐकायचा असतो. खुंट्या सुटल्या, कूलर उलटा झाला, आणि त्याच्या तांब्याच्या चकचकीत तळावर एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी चिकटलेली दिसली. कारखान्यातून येताना तळाला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली. तिच्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की बसवण्यापूर्वी ही काढावी.

ज्या दुकानातून आम्ही मशीन जोडून घेतली तिथल्या माणसाने यादीतल्या या मोठ्या कूलरला पसंती दिली होती. "इथलं ऊन पाहता साधा पुरणार नाही," असं म्हणाला होता. उन्हाची इतकी काळजी करणाऱ्या माणसाने तांबं आणि प्रोसेसर यांच्या मध्ये प्लास्टिक ठेवून दिलं, आणि पुढचे सगळे उन्हाळे आम्ही ते नागपूरच्या नावावर घातले.

तांबं उष्णता वाहून नेण्यात हवेपेक्षा पंधरा हजार पटींनी सरस आहे. पण दोन धातू एकमेकांवर ठेवले की मध्ये डोळ्यांना न दिसणारे खड्डे राहतात आणि त्यांत हवा बसते. पेस्टचं काम एवढंच, की त्या हवेला हुसकून द्यायचं. प्लास्टिक हवेपेक्षा बरं, इतकंच त्याच्याबद्दल चांगलं बोलता येईल. पोराने पट्टी काढली, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली आणि मधोमध मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. चिरंजीवांच्या मते ती तांदळाच्या दाण्याएवढी हवी होती. इंटरनेटवर या दोन पंथांत बराच वैरभाव आहे. काकांचा आक्षेप वेगळा होता. "एवढीशीच? ट्यूबचे पैसे तर पुरे लावशील!"

"काका, जास्त लावली तर बाजूनं बाहेर येते आणि पुसावी मलाच लागते," तो म्हणाला आणि खुंट्या दाबल्या. चार वेळा 'टक्' झालं. आम्ही सगळ्यांनी मोजलं.

खेळ लावला. आकडा ७५ वर जाऊन थांबला. पंख्याचा आवाज इतका खाली आला की आईने टीव्ही लहान केला. मेव्हण्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे वळवाची सर येऊन गेली, आज ६३ आहे." काका आजही सोसायटीत सांगतात की बावीसमधले निदान चार टेबलफॅनने उतरवले.

उष्णता मात्र तेवढीच आहे. ती कुठे नाहीशी झाली नाही, फक्त चिपमधून तांब्यात, तांब्यातून पात्यांत, पात्यांतून हॉलमध्ये लवकर पोचायला लागली. हॉलमधून ती मागच्या बाल्कनीत जाते, आणि बाल्कनीला लागून काकांची खिडकी नाही एवढ्यावर आमचे संबंध टिकून आहेत.

तेव्हा, तुमचा डेस्कटॉप तापत असेल तर नवा कूलर घेण्याआधी खोलीचं तापमान बघा आणि ते वजा करा. खोलीच्या वर चाळीसेक चढत असतील तर निवांत झोपा. साठ चढत असतील तर धूळ झाडा, आणि तरी उतरले नाहीत तर कूलर उचलून खाली बघा. या सगळ्याच्याही आधी कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्याचं ते दार काढून टाका. बिजागऱ्यांचे स्क्रू साध्या पेचकसाने निघतात.